अडलेल्याचा प्रश्न आणि अनोळख्याचें उत्तर



यंत्र सुरळीत चालतें तोंवर त्याच्या आंत काय आहे याची चौकशी कोणी करीत नाहीं. तें अडलें म्हणजे मात्र माणसाला एकदम दोन गोष्टींची जाणीव होते. आपणांस हें यंत्र ठाऊक नाहीं, ही पहिली. आणि ज्याला तें ठाऊक आहे असा माणूस कोठें भेटेल हेंहि आपणांस ठाऊक नाहीं, ही दुसरी. यांपैकीं पहिलें अज्ञान फारसें लाजिरवाणें नाहीं. सर्वांनाच सर्व यंत्रें कशीं ठाऊक असणार? परंतु दुसरें अज्ञान फार जाचक असतें. यंत्रांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. यंत्र अडल्यावर माणसानें कोणाला विचारलें, याचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. आज मी संगणकाच्या संबंधांत तो थोडक्यांत सांगणार आहें.

कल्पना करा कीं कोल्हापुरांतील मंगळवार पेठेंत राहणारा एक विद्यार्थी रात्रीं अकरा वाजतां आपल्या संगणकासमोर बसला आहे. कॉलेजाचें काम उद्यां सकाळीं द्यावयाचें आहे, आणि पडद्यावर इंग्रजींत पांचसहा शब्दांची एक चूक उमटवून संगणक स्वस्थ बसला आहे. शेजाऱ्याला विचारावें तर तो निजलेला. दुरुस्तीचें दुकान गांठावें तर तें बंद. मुलगा तेच पांचसहा शब्द जसेच्या तसे इंटरनेटवर लिहितो, आणि दूरच्या देशांतील कोणा एका माणसानें काही वर्षांपूर्वीं दुसऱ्याच कोणा माणसाला दिलेलें उत्तर त्याच्या डोळ्यांपुढें येतें. विचारणारा, सांगणारा आणि हा मंगळवार पेठेंतील मुलगा, या तिघांनीं एकमेकांचें तोंड पाहिलेलें नाहीं. तरी पहिल्याची अडचण तिसऱ्याच्या उपयोगीं पडते. ही सोय आज इतकी अंगवळणी पडली आहे कीं ती पाण्याच्या नळाप्रमाणें कोणीतरी बसवून दिली असावी असें वाटतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. ही सोय मुख्यतः अडलेल्या माणसांनींच, आपापल्या अडचणी चारचौघांत मांडून, निर्माण केली आहे.

तिचें मोल कळण्यासाठीं तिच्यापूर्वींची रीत आधीं पाहिली पाहिजे. आणि ती पाहण्यास मंगळवार पेठेहून चांगलें ठिकाण शोधण्याचें कारण नाहीं. ही पेठ तालमींची. खासबागेचें प्रसिद्ध कुस्तीचें मैदान तिच्या कुशींत आहे. तालमीच्या हौद्यांत विद्या कशी दिली जाते हें आपण जाणतांच. ती पुस्तकांत नसते. वस्तादाच्या अंगांत असते. पठ्ठ्यानें पहाटे उठून, माती अंगाला लावून, वस्तादाच्या नजरेखालीं ती वर्षानुवर्षें घोटावी लागते. आणि इतकें करूनहि वस्ताद एक डाव आपणापाशीं राखून ठेवतो, अशी म्हणच आहे. यंत्रविद्येचीहि हीच रीत होती. मिस्त्रीच्या हाताखालीं पोऱ्या म्हणून राहावें, पाने हातांत द्यावे, आणि बघत बघत शिकावें. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरांतील इंजिनांचे कारखाने आणि ओतशाळा नांवारूपाला आल्या त्या बहुतांशीं अशाच शिक्षणाच्या बळावर.

याच पेठेंत खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा एक स्मारकस्तंभ उभा आहे. तो बाबूराव पेंटर यांच्या पराक्रमाची साक्ष देतो. पेंटर हें त्यांचें मूळचें आडनांव नव्हे. नाटक कंपन्यांचे पडदे रंगविण्याच्या कौशल्यामुळें तें त्यांस चिकटलें. घराण्याचें आडनांव मेस्त्री. इ. स. १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' निघाला, आणि आपणहि चित्रपट काढावा असें बाबूराव व त्यांचे नात्यांतील बंधु आनंदराव यांच्या मनानें घेतलें. परंतु चलच्चित्राचा कॅमेरा कसा घडवावा हें शिकविणारी शाळा त्या काळच्या कोल्हापुरांत कोठून असणार? इ. स. १९१६ सालीं आनंदराव निवर्तले. बाबूरावांनीं हाय खाल्ली नाहीं. विष्णुपंत दामले यांच्या साह्यानें त्यांनीं इ. स. १९१८ सालीं स्वतःच कॅमेरा तयार केला, आणि दोन वर्षांनीं त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' लोकांनीं पाहिला.

ही विद्या पुढें कशी गेली? ती माणसांबरोबर गेली. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे चौघेहि महाराष्ट्र फिल्म कंपनींत तयार झालेले, त्यांनीं इ. स. १९२९ सालीं कोल्हापुरांतच 'प्रभात'ची स्थापना केली. म्हणजे गुरूच्या शेजारीं उभे राहण्याचें भाग्य ज्यांस लाभलें त्यांनीं विद्येचें सोनें केलें. या रीतीचा गुण हा, कीं जें शिकलें तें हाडांत मुरलें. तिचा दोष हा, कीं ज्याला त्या अंगणांत पाऊल ठेवतां आलें नाहीं त्याला कांहींच मिळालें नाहीं. बाबूरावांना कोणत्या जागीं अडलें आणि तेथून ते कसे सुटले, याची रोजच्या रोज लिहिलेली वही जर सोलापूरच्या किंवा नागपूरच्या एखाद्या होतकरू कारागिराच्या हातीं पडती, तर त्याची कितीतरी वर्षें वांचलीं असतीं.

दूरच्या माणसाला यंत्राविषयीं छापील शब्दांतून सांगण्याचा प्रयत्न आपल्याकडे झाला नाहीं असें मात्र नाहीं. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानें इ. स. १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' हें पत्र काढलें, तें आरंभीं कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठींच. परंतु अशा पत्रांत बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक असतात. एका गिऱ्हाइकानें दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगावें, ही सोय कागदाच्या युगांत होणें कठीण होतें.

आतां संगणकाकडे वळूं. पहिले संगणक खोलीएवढे होते, आणि ज्यांनीं ते बांधले तेच ते दुरुस्त करीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आपल्याच शास्त्रज्ञांनीं बांधलेला 'टिफ्रॅक' इ. स. १९६० सालीं कामाला लागला. त्याच्या बाबतींत बाहेर विचारण्याचा प्रश्नच नव्हता; घडविणारा आणि सुधारणारा एकाच छपराखालीं होता. पुढें परदेशी यंत्रें आलीं, तीं विकत घेतलेलीं किंवा भाड्यानें आणलेलीं. त्यांचें मर्म कंपनीच्या माणसांपाशीं असे. इ. स. १९७८ सालीं आय. बी. एम. कंपनीनें भारतांतील आपला कारभार आटोपला, तेव्हां तिच्या यंत्रांची देखभाल कोणी करावयाची हा केवढा तरी प्रश्न उभा राहिला. तो भार कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीनें उचलला. यंत्र दुरुस्त करणें हेंच ज्या कंपनीचें नांव, अशी ती कंपनी! त्या काळीं साह्य म्हणजे हातांत पेटी घेऊन आगगाडीनें येणारा माणूस, असाच अर्थ होता.

अमेरिकेंत मात्र याच्या आधींच एक वेगळा अंकुर फुटला होता. इ. स. १९५५ सालीं आय. बी. एम.चा '७०४' हा संगणक घेणाऱ्या लॉस एंजेलिस परिसरांतील मंडळींनीं 'शेअर' नांवाचा एक संघ स्थापन केला. हीं मंडळी बहुधा विमानांच्या कारखान्यांतलीं. धंद्यांत एकमेकांचीं प्रतिस्पर्धी. परंतु त्यांच्या ध्यानांत आलें कीं प्रत्येकजण तीच अडचण निराळ्या खोलींत बसून सोडवीत आहे. तेव्हां त्यांनीं आपले प्रोग्राम आणि आपल्या युक्त्या एकमेकांस द्यावयास आरंभ केला. आपल्या खेड्यांतली इरजीक ज्यांनीं पाहिली आहे त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. आज तुझ्या शेतावर सगळ्यांचे बैल, उद्यां माझ्या शेतावर. फरक इतकाच, कीं बैल दुसऱ्याच्या शेतावर गेला म्हणजे आपल्या शेतावर नसतो. युक्ति दुसऱ्याला दिली तरी ती आपणापाशीं उरतेच.

इ. स. १९६९ सालीं संगणकांना एकमेकांशीं जोडणाऱ्या 'आर्पानेट' या जाळ्याचें काम चाललें होतें. तें करणाऱ्या तरुण मंडळींनीं त्या वर्षाच्या ७ एप्रिल रोजीं आपल्या टिपणांची एक माला सुरू केली. पहिलें टिपण स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याचें होतें. मालेला त्यांनीं नांव दिलें तें 'अभिप्रायासाठीं विनंति' अशा अर्थाचें. आम्ही हुकूम सोडीत नाहीं, आम्ही विचारतों, हा सूर त्या नांवांतच आहे. इंटरनेटचे पुढचे कितीतरी नियम याच नम्र नांवाखालीं लिहिले गेले.

परंतु हें सारें विद्यापीठांच्या भिंतींआड चाललेलें होतें. घरगुती संगणक बाळगणाऱ्या सामान्य माणसाला दार उघडलें तें शिकागो शहरांत. इ. स. १९७८ च्या जानेवारींत तेथें मोठें हिमवादळ झालें आणि लोक घरांत अडकून पडले. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस या दोघा हौशी माणसांनीं त्या सक्तीच्या विश्रांतींत एक युक्ति योजली. त्यांच्या संगणकमंडळांत सूचना लावण्याचा एक फळा होता. तसाच फळा संगणकांत करावा आणि टेलिफोनवरून तो कोणालाहि वाचतां व लिहितां यावा. १६ फेब्रुवारीस हा फळा सुरू झाला. टेलिफोनची तार एकच. म्हणून एका वेळीं एकच माणूस येई, वाची, लिही आणि फोन ठेवी. मग दुसऱ्याची पाळी. गति तर अशी, कीं अक्षरें उमटतांना डोळ्यांनीं वाचीत जावें. तरीहि लोक रांग लावून येत. कारण फळ्यावर कोणी तरी लिहून ठेवलेलें असे: माझें अमुक यंत्र अमुक ठिकाणीं अडतें, कोणास ठाऊक आहे काय? आणि त्याखालीं दुसऱ्या कोणी लिहिलेलें असे: असें करून पाहा.

याच सुमारास ड्यूक विद्यापीठांतील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस आणि जवळच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांतील स्टीव्ह बेलोव्हिन या विद्यार्थ्यांनीं 'यूजनेट'ची योजना केली. इ. स. १९७९ सालीं ती सुचली आणि पुढच्या वर्षीं ती चालूं झाली. तिची रचना आपल्या टपालासारखी होती. एका विद्यापीठाचा संगणक दुसऱ्याला रात्रीं टेलिफोन करी, कारण रात्रीं दर कमी. आणि दिवसभरांत सांचलेले प्रश्न व उत्तरें परस्परांस देई. दुसरा तींच तिसऱ्याला देई. अशा रीतीनें एका गांवीं विचारलेला प्रश्न चार दिवसांत सगळ्या जाळ्यावर पसरे. प्रत्येक विषयाची चावडी निराळी. आणि तिच्यावर झालेलें बोलणें सगळ्यांना वाचावयास मोकळें.

या ठिकाणीं इतिहासाला जें वळण लागलें तें नीट ओळखलें पाहिजे. साह्य वेगानें मिळूं लागलें, हें त्यांतलें मुख्य नव्हे. टेलिफोननें तें आधींहि मिळत होतें. साह्य फुकट मिळूं लागलें, हेंहि मुख्य नव्हे. मित्र मित्राला फुकटच मदत करतो. मुख्य गोष्ट ही, कीं एकाला दिलेलें उत्तर सर्वांच्या समोर दिलें गेलें आणि बोलणाराचा आवाज थांबल्यावरहि तें मागें उरूं शकलें. वस्तादाचा राखून ठेवलेला डाव येथें मैदानांत आला. तोच प्रश्न शंभर जण विचारतात हें दिसल्यावर जाणत्यांनीं 'वारंवार विचारले जाणारे प्रश्न' अशीं टिपणें करून ठेवण्यास प्रारंभ केला. तीं ठराविक दिवसांनीं पुन्हा प्रसिद्ध होत. एका माणसाची एका रात्रीची अडचण ही अशा रीतीनें सर्वांची ठेव झाली.

लोक हीं उत्तरें कां देत, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. कोणी दिलें तें नांवासाठीं. कोणी, उद्यां आपल्यावरहि वेळ येईल म्हणून. आणि पुष्कळांनीं अशासाठीं, कीं समजावून सांगतांना आपलें आपल्यालाच अधिक समजतें. हेतु कांहींहि असोत, फळ मोठें आलें. इ. स. १९९१ च्या २५ ऑगस्ट रोजीं हेलसिंकीच्या विद्यापीठांतील लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें यूजनेटवर एक पत्र टाकलें. मी हौसेखातर संगणकासाठीं एक चालक-प्रणाली लिहीत आहें, तुम्हांला तींत काय असावेंसें वाटतें, अशी त्यांत पृच्छा होती. त्या पृच्छेंतून पुढें 'लिनक्स' उभें राहिलें. आज जगांतील असंख्य संगणक आणि अँड्रॉइड जातीचे सर्व मोबाइल त्याच्या पायावर चालतात.

या मोकळ्या मैदानाला दोषहि होते, तेहि सांगितले पाहिजेत. दर सप्टेंबरांत अमेरिकेंतील विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत आणि यूजनेटवर गोंधळ उडवीत. महिनाभरांत जुनीं माणसें त्यांना रीत शिकवीत. इ. स. १९९३ पासून खासगी कंपन्यांचीं गिऱ्हाइकें लोटूं लागलीं आणि नवख्यांचा हा ओघ थांबेचना. जुन्या मंडळींनीं त्याला 'न संपणारा सप्टेंबर' असें नांव दिलें. जाणत्यांचा संयम सुटूं लागला, नवख्याला टोचून बोलण्याची संवय पडली. इ. स. २००१ सालीं एरिक रेमंड व रिक मोएन यांनीं प्रश्न शहाणपणानें कसा विचारावा यावर एक प्रदीर्घ लेखच लिहिला. त्यांतील मुख्य उपदेश आपल्या कोणत्याहि वैद्याला पटेल असा आहे: आधीं स्वतः शोधून पाहा, यंत्र कोणतें तें सांगा, लक्षण नेमकें सांगा, आपला तर्क सांगूं नका, काय काय करून पाहिलें तें सांगा, आणि गुण आला म्हणजे कशानें आला तेंहि येऊन सांगा. हें शेवटचें कलम विशेष महत्त्वाचें आहे, कारण तें विचारणाऱ्याच्या नव्हे, तर त्याच्या मागून येणाऱ्याच्या हिताचें आहे.

हा प्रवाह आपल्याकडे कसा आला? इ. स. १९८६ च्या सुमारास 'अर्नेट' नांवाचें शैक्षणिक जाळें सुरू झालें. मुंबईंतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय. आय. टी. हीं त्याच्या पहिल्या ठाण्यांपैकीं. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळालें तें इ. स. १९९५ च्या १५ ऑगस्ट रोजीं, विदेश संचार निगमाकडून, आणि तेंहि आरंभीं मुंबईसारख्या मोजक्या महानगरांत.

कोल्हापूर जिल्ह्यानें या कामीं एक धाडसी पाऊल टाकलें, त्याचा उल्लेख केला पाहिजे. तात्यासाहेब कोरे यांनीं उभारलेल्या वारणानगरच्या सहकारी संकुलांत इ. स. १९९८ सालीं केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनीं मिळून संगणकांची एक योजना हातीं घेतली. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गांवें तींत होतीं. शेतकऱ्यानें आपल्या उसाची नोंद, वजन आणि बिल गांवांतच पाहावें, ही त्यांतील सर्वांत उपयोगी गोष्ट ठरली. परंतु खेड्यांतला संगणक सतत चालूं ठेवणें म्हणजे काय, हेंहि तेथें कळलें. पुढें इ. स. २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनीं सात गांवांत प्रयोग करून तेंच काम साध्या मोबाइलच्या संदेशांवर चालवून दाखविलें. संगणकांच्या देखभालीचा खर्च हें त्यामागील एक कारण होतें. यंत्र गांवांत पोंचलें. तें अडल्यावर कोणाला विचारावें, ही व्यवस्था त्याच्याबरोबर पोंचली नव्हती.

आणि तेथें एक अडथळा असा होता, कीं जो शिकागोच्या माणसाला कधींच आला नव्हता. तो भाषेचा. संगणकावर मराठी उमटविण्याचे प्रयत्न पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें आणि कित्येक खासगी कंपन्यांनीं फार निष्ठेनें केले. परंतु ज्याचा त्याचा टंक निराळा होता. एका संगणकावर लिहिलेलें पत्र दुसऱ्यावर उघडलें तर तेथें अक्षरांच्या जागीं भलभलतीं चिन्हें दिसत. इ. स. १९९१ सालीं निघालेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरीला स्थान मिळालें, आणि विंडोज २००० पासून घरगुती संगणकाला ती लिपि वाचतां येऊं लागली. तरीहि त्यानंतरच्या विंडोज एक्सपींत ती सोय पुष्कळदां मुद्दाम चालूं करून घ्यावी लागे. आतां यांतील विचित्र पेंच पाहा. देवनागरी चालूं कशी करावी याची कृति मराठींत लिहून ठेवली, तर ज्याला तिची गरज आहे त्यालाच ती वाचतां येत नसे. आणि ज्याला वाचतां येई त्याला गरज उरलेली नसे! म्हणून मराठी माणसाला मराठी लिहिण्याचें साह्यसुद्धां इंग्रजींतून मागावें लागलें. तशी संवय जी पडली ती अडथळा दूर झाल्यावरहि गेली नाहीं.

ज्यांनीं ही संवय मोडावयाचा यत्न केला त्यांचे उपकार मानले पाहिजेत. इ. स. १९९६ सालीं अमेरिकेंतील मराठी मंडळींनीं 'मायबोली' सुरू केली. इ. स. २००३ च्या १ मे रोजीं, म्हणजे महाराष्ट्र दिनींच, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. तेथें प्रश्न मांडण्याच्या जागेला त्यांनीं 'चावडी' असें नांव दिलें, आणि तांत्रिक अडचणीहि त्या चावडीवर मराठींतच मांडल्या गेल्या व सुटल्या. पवईच्या आय. आय. टी.मध्यें प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकारानें 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम उभा राहिला. संगणकावरील एकेक काम थोड्या मिनिटांच्या चित्रफितींत बोलून दाखवावयाचें, आणि तेंच मराठीसकट अनेक भारतीय भाषांतून द्यावयाचें, अशी त्याची योजना आहे. ऐकणारा अडला तर त्यानें आपला प्रश्न तेथेंच लिहावा, अशीहि सोय ठेवलेली आहे.

परंतु जगाची मोठी पेठ दुसरीकडे भरली. इ. स. २००८ सालीं जेफ ॲटवुड व जोएल स्पोल्स्की यांनीं 'स्टॅक ओव्हरफ्लो' हें स्थळ उघडलें. वाचकांनीं मत द्यावें आणि चांगलें उत्तर वर चढावें, या एका साध्या नियमानें तेथें लक्षावधि प्रश्नोत्तरांचा संग्रह झाला. या स्थळाच्या इंग्रजीखेरीज पोर्तुगीज, जपानी, रशियन आणि स्पॅनिश अशा चार आवृत्त्या निघाल्या. मराठीची निघाली नाहीं, हिंदीचीहि नाहीं. उत्तर देणारे भारतीय तेथें थोडे नव्हते. पण त्यांनीं तें इंग्रजींत दिलें.

आतां मी ज्या वळणाकडे आपलें लक्ष वेधूं इच्छितों तेथें आलों. इ. स. २०२२ च्या ३० नोव्हेंबर रोजीं 'चॅट जीपीटी' लोकांपुढें आलें, आणि त्यापाठोपाठ तशाच जातीचीं दुसरीं यंत्रें आलीं. त्यांना मराठींत विचारावें, मराठींत उत्तर मिळतें. तीं रागावत नाहींत, नवख्याला हिणवीत नाहींत, रात्रीं अकरा वाजतांहि जागीं असतात. मंगळवार पेठेंतील आपल्या विद्यार्थ्याला ही केवढी सोय झाली! तिला नांवें ठेवण्याचें मला कारण दिसत नाहीं. तीं कधीं ठाम आवाजांत चुकीचें सांगतात हें खरें. पण माणसेंहि तसें करीतच आली आहेत. शिवाय इंटरनेटवर मदतकेंद्राचे खोटे टेलिफोन क्रमांक लावून भोळ्या माणसाला लुबाडणारे लोकहि आहेतच. त्यांच्यापेक्षां चुकणारें यंत्र बरें.

तथापि दोन गोष्टी विसरतां येणार नाहींत. पहिली ही, कीं या यंत्रांना जें येतें त्यांतला मोठा भाग माणसांनीं उघड्यावर लिहून ठेवलेल्या मजकुरांतून आला आहे. हीं प्रश्नोत्तरेंहि त्यांतलींच. दुसरी ही, कीं यंत्राला विचारलेला प्रश्न आणि त्याचें उत्तर विचारणाऱ्याच्या खोलींतच राहतें. चॅट जीपीटी आल्यानंतर स्टॅक ओव्हरफ्लोवर येणाऱ्या नव्या प्रश्नांची संख्या झपाट्यानें घसरली. म्हणजे विहिरीचें पाणी सारे उपसतात, आणि झरा मात्र आटत चालला आहे. उद्यां नवें यंत्र निघेल, नवी चूक उमटेल. ती कोणी चारचौघांत मांडली नाहीं आणि तिचें उत्तर कोणी लिहून ठेवलें नाहीं, तर या बोलक्या यंत्रांना तरी तें कोठून कळणार?

इंग्रजीची विहीर निदान एकदां तुडुंब भरली होती. मराठीची भरण्यापूर्वींच उपसा सुरू झाला आहे. मराठी माणसें एकमेकांस संगणकाच्या बाबतींत मदत करीत नाहींत असें मुळींच नाहीं. उलट फार करतात. शिक्षकांचे, बँकेंतील नोकरांचे, तलाठ्यांचे, मुद्रकांचे व्हॉट्सॲपवर समूह असतात. तेथें रोज कोणीतरी अडतो आणि रोज कोणीतरी सोडवितो. 'दुसऱ्या' या शब्दांतील 'ऱ्या' छापतांना बिघडतो तो कसा सुधारावा, जुन्या टंकांतील दस्तऐवज युनिकोडमध्यें कसा आणावा, अशा खास मराठी अडचणींचीं उत्तमोत्तम उत्तरें तेथें दिलीं जातात. परंतु तीं दार लावून दिलेलीं असतात. चार दिवसांनीं तीं त्या समूहांतल्या माणसांनाहि सांपडत नाहींत. बाहेरच्याला तर तीं कधीं होतीं हेंहि कळत नाहीं. ही तालमींतलीच रीत झाली; वस्ताद कंजूष नाहीं, पण हौद्याला दार आहे.

म्हणून इतिहासापासून घ्यावयाचा बोध मला असा दिसतो. अडल्यास खुशाल यंत्राला विचारावें, मित्राला विचारावें, समूहांत विचारावें. परंतु अडचण सुटली म्हणजे पांच ओळी मराठींत, सर्वांना दिसेल अशा ठिकाणीं लिहून ठेवाव्या: यंत्र कोणतें होतें, पडद्यावर काय उमटलें, काय करून पाहिलें, आणि अखेर कशानें चाललें. पडद्यावरील इंग्रजी शब्द देवनागरींत न बदलतां जसेच्या तसे द्यावे, म्हणजे पुढच्याला ते शोधतां येतील. समजूत मात्र आपल्या भाषेंत द्यावी. शाळा-कॉलेजांतील शिक्षकांनीं हें काम विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा भाग केलें, तर एका वर्षांत एका जिल्ह्याची चांगली शिदोरी जमेल. त्याला पैसा लागत नाहीं, मोठी विद्वत्ताहि लागत नाहीं. शिकागोचे ते दोघे हिमवादळांत अडकलेले हौशी गृहस्थच होते.

बाबूराव पेंटरांच्या काळीं अशी वही लिहून दूर पाठविण्याचें साधन नव्हतें; म्हणून आज आपणांस त्यांचा स्तंभ दिसतो, त्यांच्या अडचणी दिसत नाहींत. आपल्या हातीं तें साधन आहे. नव्या यंत्रापुढें अडणारा पुढचा मराठी मुलगा कोणत्या भाषेंत सुटेल, हें आज ज्यांच्या अडचणी सुटत आहेत त्यांच्यावर पुष्कळसें अवलंबून आहे.